तीन फुटांवरची केबल

दासगावात मोबाइल पोचायचा होता, तेव्हाची गोष्ट. शरिफाचा फोन मेला होता आणि त्याच दुपारी कुवेतहून नवऱ्याचा फोन यायचा होता. म्हणून टेलिफोनवाला तय्यब तिच्या अंगणात पुरलेली केबल यंत्राने शोधत होता.

यंत्राने दाखवलं, केबल तीन फूट खाली.

खात्रीसाठी तय्यबने यंत्र फूटभर उचललं. आता आकडा चार व्हायला हवा होता. जमिनीतली केबल काय यंत्रामागून वर येत नाही.

आकडा तीनच.

छातीशी धरलं, तरी तीनच.

"मशीनचं डोकं फिरलंय," म्हणत त्याने ते डोक्यावर धरलं.

तीनच. आणि कमरेला काहीतरी गार, घट्ट बसलं.

घरात मेलेला फोन खणखणला. शरिफा आतून ओरडली, "तय्यबभाय, हलू नका! आवाज लय साफ येतोय!"