तिघांची पॉलिसी

“हा कॉल रेकॉर्ड होतोय. तिघंही समोर आहात ना?” फोनमधून डॉक्टर बाईंनी विचारलं.

“हो,” मनाली म्हणाली. स्पीकर चालू करून तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता. एका बाजूला तिचा नवरा सुबोध, समोर सासूबाई. विमा कंपनीची ही डॉक्टर एकेकाच्या तब्येतीची चौकशी करणार, आणि त्यावर पॉलिसी मिळते की नाही ते ठरणार.

सुबोधच्या अंधेरीच्या ऑफिसला मार्चमध्ये टाळं लागलं. नोकरीबरोबर तिथला मेडिक्लेमही गेला. तेव्हापासून मनाली पॉलिस्यांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर डोळे फोडत होती. हप्ता कमी, तर खोलीभाड्याला मर्यादा. मर्यादा नाही, तर हप्ता आवाक्याबाहेर. जुन्या आजाराला तीन वर्षं थांबा. रेशनकार्डावरची सरकारी योजना होती, पण ठरावीक आजारांना आणि ठरावीक हॉस्पिटलांतच. शेवटी तिने ठरवलं, नवरा-बायकोची एक पॉलिसी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाईंची वेगळी. एकत्र घेतली तर सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता लागतो, म्हणजे जवळजवळ दीडपट.

सासूबाई अडून बसल्या. “तिघांचो एकच कागद होवंदे.” एरवी कशात आडकाठी न करणारी बाई, पण दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आपल्याला वेगळं काढलं असं त्यांना वाटत असेल, असं समजून मनालीने चडफडत का होईना, मान तुकवली.

काल सुबोधने आईला पढवलं होतं. “बीपीचं बोलू नकोस. काही नाही म्हण.”

“लपवलं तर पुढे क्लेम नाकारतील,” मनाली म्हणाली होती.

“पुढचं पुढे बघू. आधी पॉलिसी तर मिळू दे.”

आता डॉक्टर बाई विचारत होत्या, “शेवंतीबाई, तुम्हाला काही आजार?”

“बीपी आसा. बारा वर्सां झाली. सकाळची एक गोळी.”

सुबोधने डोळे मिटून घेतले. पलीकडे बोटं की-बोर्डवर चालत होती. आता हप्ता वाढणार की सरळ नकारच येणार, मनालीला कळेना.

“सुबोध, तुम्हाला? छातीत दुखणं, दम लागणं?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“नाही म्हटलं ना.”

“खोटा बोलता तो,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, गप बस.”

त्या गप्प बसल्या नाहीत. फोनपाशी वाकून, समोर माणूस बसल्यासारख्या बोलत राहिल्या. “जिनो चढताना दुसऱ्या मजल्यार थांबता. छाती धरता, डावो हात चोळता. महिनो झालो. काल तीनदा.”

मनालीने नवऱ्याकडे पाहिलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. हे आपल्याला कसं दिसलं नाही?

“सुबोध,” डॉक्टर बाईंचा आवाज एकदम सावकाश झाला, “आज दुखलंय?”

सुबोधचा हात छातीकडे गेला.

“सकाळपासून दुखतंय.”

“मी हा कॉल इथेच थांबवतेय. पॉलिसीचं विसरा. आत्ताच्या आत्ता अॅम्ब्युलन्स बोलवा. एक पायरीसुद्धा चालत उतरायचं नाही.”

शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. बोरीवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये दोन रक्तवाहिन्या बंद निघाल्या. अर्धा तास उशीर झाला असता तर, एवढंच म्हणून तिथले डॉक्टर थांबले. हॉस्पिटल सरकारी योजनेच्या यादीत होतं, म्हणून मनाली रेशनकार्ड आणायला घरी धावली. त्याच दिवशी स्टेंट बसले.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा मेसेज आला. अर्ज नामंजूर. मनालीने तो पुसून टाकला. सुबोध उशीला टेकून बसला होता. आई त्याला चमच्याने पेज भरवत होती.

“एक सांग,” तो म्हणाला. आवाज अजून खोलच होता. “तुझी पॉलिसी वेगळी स्वस्तात पडत होती. एकाच कागदासाठी एवढी का हटून बसलीस?”

“खालच्या मजल्यारच्या शुभान सांगल्यान, एकच कागद असलो की डॉक्टर सगळ्यांका एकत्र बसवन इचारता.” सासूबाईंनी एकदा मनालीकडे पाहिलं, मग पुढचा चमचा भरला. “माका विमो नको होतो रे. मनालीक सांगू नको म्हणान तू माका शपथ घातलंस. डॉक्टराक सांगू नको, असा खंय म्हणालंस?”