पाय रोव!

चेंडू अजून वाटेत होता, तेवढ्यात दीक्षाचा पाय वीतभर मागे सरकला. बॅट खांद्यावरच राहिली. "स्ट्राइक!" अंपायर ओरडला.

सिंगापूरमधल्या बिशानच्या एका शाळेच्या मैदानाकडेला बाकावर बसलेली शुभदा पुढे झुकली. आपल्या बारा वर्षांच्या लेकीचा पाय का सरकला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. समोरची चेंडू फेकणारी पिचर थोराड होती, आणि चेंडू कुठं जाईल याचा तिलाच पत्ता नव्हता. मघाशी तिचा एक चेंडू दीक्षाच्या मैत्रिणीच्या कोपरावर बसला होता; ती पोर अजून बर्फ धरून मुसमुसत होती. सॉफ्टबॉलला सॉफ्ट म्हणणाऱ्याला एकदा तो लागायलाच हवा.

शेजारी ललिताबाई होत्या, शुभदाची आई. नातीची मॅच बघायला खास नागपूरहून आलेल्या. एके काळी विद्यापीठाच्या संघाच्या कॅचर. आवाज अजून कॅप्टनचा.

"दीक्षा, पाय रोव!"

दीक्षानं आजीकडे पाहिलंच नाही. तिनं आईकडे पाहिलं. हेल्मेटखालचे ते डोळे शुभदाला बघवेनात.

दुसरा चेंडू आला. पाय पुन्हा सरकला, बॅट पुन्हा जागच्या जागी. "स्टे इन, लाह!" प्रशिक्षक त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागले. तिसऱ्या स्ट्राइकला बाद; आता एकच संधी उरली होती.

शुभदा उठली. कुंपणापाशी जावं, पोरीला सरळ बाहेर बोलवावं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. आईनं तिचं मनगट धरलं.

"बस. उभी राहू दे तिला."

"आई, कॉलेजात माझा घोटा मुरगळला नव्हता. मला चेंडूची भीती वाटायची. म्हणून खेळ सोडला मी."

सत्त्याऐंशी साली गिळलेलं वाक्य बाहेर पडायला दोन हजार सहा उजाडलं होतं.

ललिताबाईंनी मैदानावरची नजर काढली नाही. "मी कॅचर का झाले, ठाऊक आहे?" त्या हळूच म्हणाल्या. "कॅचरच्या तोंडावर जाळी असते. आतलं तोंड कसं झालंय, कुणाला दिसत नाही."

मनगटावरचा त्यांचा हात गार पडला होता. तिकडे पिचरनं हात फिरवला, तसे ललिताबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"तू बघ गं," त्या म्हणाल्या. "पाय हलला का, सांग मला."

शुभदाला बघावंच लागलं.

"हलला," ती म्हणाली. "पण आई, बॅट फिरवली तिनं."