दगडाचा दुसरा अर्धा

रवींद्रने टेबलावरचा दगड उचलला आणि उजेडात धरला. हा दगड त्याने कुठेही ओळखला असता.

माजिवड्याच्या हॉलमध्ये घरसजावटीचं प्रदर्शन लागलं होतं. बायको वैशाली समोरच्या स्टॉलवर पडदे बघत होती म्हणून तो इकडे वळला, तर टेबलभर पॉलिश केलेले सेप्टेरियन दगड. लाखो वर्षांपूर्वी चिखलाचा गोळा वाळतो, आतून तडकतो आणि त्या भेगांत पिवळं स्फटिक भरत जातं. कापल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि एका गोळ्याची नक्षी दुसऱ्यात सापडत नाही. या दगडावर खेकडा होता. राखाडी दगडात मधासारख्या पिवळ्या नांग्या, कडेने तपकिरी रेघ. एक नांगी मोडकी.

तो त्याचा आणि गोविंदाचा खेकडा होता.

सव्वीस वर्षांपूर्वी दोघं वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. दोघांनाही दगडांचं वेड. एका रविवारी मालकाची परवानगी काढून त्यांनी तिथल्या कटरवर हा गोळा कापायला घेतला. शेवटाला गोळा निसटला आणि गोविंदाच्या करंगळीचं पेर गेलं. टाके पडल्यावर शुद्धीत येऊन गोविंदाने पहिलं विचारलं, "नीट कापला का रे?" कापला गेला होता. दोन अर्धे, एकमेकांसमोर आरसा धरावा तसे. पुढे तीन महिने दोघं ते पाण्यात बुडवून हाताने घासत राहिले, काचेसारखे होईपर्यंत. मग एक रवींद्रने घेतला, एक गोविंदाने. "हा कुणी कधी विकायचा नाही," गोविंदा म्हणालेला. "माझं बोट आहे यात."

"हा कुठून आणलात?" रवींद्रने स्टॉलवरच्या मुलीला विचारलं.

"काका, एका इंटिरियरवाल्याचं गोडाऊन खाली होत होतं ना, तिथनं उचलला. कुणाच्या तरी घरचा जुना पीस आहे. टीव्ही युनिटवर भारी दिसेल."

इंटिरियरवाला! गोविंदाने गेल्याच महिन्यात आंबिवलीची खोली सोडून कल्याणला फ्लॅट घेतला होता. घर सजवायला माणूस लावला होता. वास्तुशांतीच्या दिवशी रवींद्रने मुद्दाम विचारलंही होतं, दगड कुठाय म्हणून. "आहे रे, खोक्यात," असं म्हणून गोविंदा पाहुण्यांकडे वळला होता. ते वळणं आता रवींद्रच्या डोळ्यांपुढे आलं. सव्वीस वर्षांची दोस्ती, आणि नव्या भिंतींसाठी याने तो दगड दुसऱ्याच्या हवाली केला. वर तोंडावर खोटं बोलला.

त्याने तिथेच उभं राहून फोन लावला.

"बोल रवी," गोविंदाचा आवाज नेहमीसारखा मोकळा.

"विकलास ना दगड?"

"काय?"

"नाटक करू नकोस. माझ्या हातात आहे तो. फ्लॅटमध्ये राहायला गेलास तर दगडाची लाज वाटायला लागली तुला? अरे, माणूस स्वतःचं बोट विकतो का रे?"

रवींद्र थांबला नाही. सव्वीस वर्षांत जे कधी मनातही आलं नव्हतं तेही बोलला. गोविंदा पहिल्यापासून दिखाऊ होता, शौक रवींद्रचा, गोविंदा नुसता सोबत यायचा. आजपासून आपला संबंध संपला. स्टॉलवरची मुलगी बघत राहिली. पडद्यांकडून वैशालीही लगबगीने आली आणि त्याच्या हातातला दगड बघून जागीच थबकली.

"थांब जरा," शेवटी गोविंदा म्हणाला. फोनवर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. चिकटपट्टी टरकन निघाली. मग कागद चुरचुरला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मोडकी नांगी कुठल्या बाजूला आहे?"

रवींद्रने दगड सरळ धरला. "उजव्या."

"माझ्या दगडाला डावीकडे आहे रे. हा काय, माझ्या मांडीवर आहे."

रवींद्रने हातातला दगड पुन्हा पाहिला.

"तुझा उजवीकडचा," गोविंदा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "विसरलास?" मग त्याने फोन ठेवला.

रवींद्रने फोन खिशात टाकला. त्याचा दगड तर माळ्यावर होता. घराचं काम काढलं तेव्हा त्याने स्वतः टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलेला. तो वैशालीकडे वळला. ती खाली फरशीकडे बघत होती.

"तू?"

"इंटिरियरवाला म्हणाला, नव्या हॉलला हे नाही शोभत. माळाही रिकामा करायचा होता. मी देऊन टाकला."

"मला न विचारता? माझा दगड?" त्याचा आवाज चिरकला. आसपासची माणसं वळून बघू लागली. "तुला माहीत होतं तो काय आहे ते! एवढं करून माझ्या शेजारी बसून जेवत होतीस?"

वैशालीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही.

"तुम्ही आज विचाराल, उद्या विचाराल, म्हणून रोज घाबरत होते मी," ती म्हणाली. "चार वर्षं झाली, अहो."