चौदा नंबरचं टेबल

"मशीन खोटं बोलत नाही, मॅडम," मॅनेजर ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वायरवालीच्या खुर्चीमागे उभं राहून म्हणाला. "विचारा त्याला."

हॉलच्या मागच्या दाराला कायम कुलूप असतं, आग लागली तर आम्ही बाहेर पडायचं कुठून, अशी तक्रार कुणीतरी निनावी फायर ब्रिगेडला पाठवली होती. ती ज्या कॉम्प्युटरवरून गेली त्याचा नेटवर्कवरचा पत्ता मॅनेजरने मिळवला होता. तो कुणाच्या टेबलावर आहे एवढंच कळायचं बाकी होतं. कळलं की त्या माणसाची नोकरी गेलीच.

वायरवालीने तो पत्ता शोधणारी स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्टने प्रत्येक स्विचकडे, म्हणजे टेबलांच्या वायरी जिथे जाऊन मिळतात त्या डब्याकडे, कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता आहे त्याचं कोष्टक मागितलं. तिसऱ्याकडे तो पत्ता सापडला. पोर्ट चौदा.

"चौदा म्हणजे कोण?"

चौदा म्हणजे बिलिंगच्या काकू. सगळ्या वायरी तिनेच ओढलेल्या, तिला पाठ होतं. "बघून येते," ती म्हणाली आणि हॉलमध्ये गेली.

काकूंचे हात कीबोर्डवरच राहिले. वायरवालीने त्यांच्या सीपीयूच्या वायरी उपटल्या, सीपीयू कडेवर घेतला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालती झाली. आपल्या टेबलावर तो जोडला, चालू होईपर्यंत मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. मग तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पहिला स्विच, पोर्ट दोन.

"हे माझं टेबल," ती म्हणाली. "मशीन खोटं बोलत नाही. काढा मला."

मॅनेजर हसला. "मला काय दूधखुळा समजलात? हॉलमध्ये जे टेबल रिकामं, ते चौदा नंबरचं."

वायरवाली स्विचशी बोलण्यात पटाईत, पण रिकामं टेबल साध्या डोळ्यांनाही दिसतं हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. स्वतःला शिव्या घालत ती त्याच्यामागे धावली.

मॅनेजर हॉलच्या तोंडाशीच थांबला होता. एकाही टेबलावर सीपीयू नव्हता. वायरी लोंबत होत्या आणि माणसं हाताची घडी घालून बसली होती. सगळे सीपीयू मागच्या दाराला टेकवून एकावर एक रचले होते.

"तिथे कुणी ठेवले ते?" मॅनेजर ओरडला.

काकू सावकाश उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ सगळेच उठले.

"असू द्या, साहेब," काकू म्हणाल्या. "तिथून तसंही कुणाला जाता येत नाही."