अर्धा धवला

तळवलीत लग्नाचे धवले गाणारी बाळाबाई ही शेवटचीच. छोट्याशा सरकारी कलाशाळेच्या मॅडमनी तिला मुलींना शिकवायला बोलावलं. तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे मानधन नियमात बसेना. मॅडम मदत मागायला गावकमिटीकडे आल्या. अध्यक्ष मीच. “धवले घरोघरी फुकट ऐकतो, त्याला कसला पगार?” म्हणालो आणि जत्रेला ऑर्केस्ट्रा आणला. बाळाबाई त्या पावसाळ्यात वारली. परवा माझ्या लेकीची हळद होती. तिला डीजे नको, धवला हवा होता. मॅडमनी शाळेतलं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. बाळाबाईच्या आवाजात देवांना आमंत्रणं देऊन झाली. आता हळदीचं कडवं येणार म्हणून बायकांनी वाट्यांत बोटं बुडवली. “रायलेला धवला उद्या शिकवीन गो पोरींनो,” एवढं म्हणून आवाज थांबला. “पुढचं लावा ना, मॅडम,” लेक म्हणाली. मॅडमनी वायर गुंडाळली. “कमिटीच्या मीटिंगआधी बाळाबाईंचा तेवढा एकच तास झाला.”