जुनं जायचंच

गावच्या वडीलधाऱ्या मांबेत अक्साकालने उंबऱ्यात बूट काढले आणि नेहमीसारखी बर्फाला शिवी दिली नाही, तेव्हाच ओस्मोन जागचा उठून उभा राहिला.

मागून सात्किन आला. त्याच्या मागून बेयशेन. तिघांच्या पांढऱ्या दाढ्या नुकत्याच विंचरलेल्या. त्यांनी ओस्मोनला मधे बसवलं आणि बराच वेळ कोणी चहाला हात लावला नाही.

आमच्या गावात मोठी गोष्ट कोणी तोंडावर सांगत नाही. तीन वडीलधारे जातात आणि भलतंच काहीतरी बोलत बसतात. दोन हिवाळ्यांपूर्वी गुलसुनचा नवरा गेला तेव्हा ओस्मोन स्वतःच मांबेतबरोबर गेला होता. अर्धा तास ते एका घोड्याबद्दल बोलले. लगाम सुटला म्हणताच गुलसुनने हंबरडा फोडला. ट्रक घाटात कोसळला, हे शब्द कोणाला उच्चारावेच लागले नाहीत.

ओस्मोनचा एकुलता एक मुलगा तिलेक कोरियात समुद्रकाठच्या मासळीच्या कारखान्यात होता. एकवीस दिवस त्याचा आवाज ऐकला नव्हता.

दोष ओस्मोनचाच. कोपऱ्यात, बायकोने भरतकाम केलेल्या रुमालाखाली जुना संगणक होता. दर रविवारी तिलेक त्यावरच्या व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये दिसायचा. तो वर्षभर सांगत होता, बाबा, यावरची प्रणाली आता जुनी झाली, आपण लिनक्स टाकू, फुकट आहे, जुन्या मशीनवरही पळतं, मी इथून एकेक पायरी सांगतो. ओस्मोनने चाळीस वर्षं भूमिती शिकवली होती. ज्याची सिद्धता नाही ते त्याने घरात येऊ दिलं नव्हतं. शेवटच्या रविवारी तो म्हणाला होता, "मी जिवंत आहे तोवर या घरात काही बदलणार नाही." तेवढ्यात चित्र गोठलं. तिलेकचं तोंड अर्धं उघडं राहिलं. त्यानंतर ते ॲप उघडलंच नाही.

बटणांच्या फोनवर त्याचे दोन कॉल आले. रागाने ओस्मोनने उचलले नाहीत. तिसरा आला नाही.

"ओस्मोन," मांबेतने सुरुवात केली, "या जगात कशालाच कायमची मुदत नाही. ज्याने घडवलं, तोच एक दिवस म्हणतो, पुरे, इथून पुढं मी सांभाळणार नाही."

ओस्मोनने गालिच्याची कड मुठीत धरली.

सात्किनने पुढचं उचललं. जुनं जायचंच, म्हणाला. रोज ज्याचं तोंड बघून दिवस उजाडतो, ते एका सकाळी उजळत नाही. माणसाला वाटतं, आता सगळं पुसलं जाणार. पण तसं नसतं. आठवणी आधी बाजूला काढून ठेवता येतात.

"पहिला आठवडा जड जातो," बेयशेन म्हणाला. "हात जुन्याच जागी जातो. तिथं काही नसतं."

चुलीपाशी त्याच्या बायकोच्या, कालबुबूच्या हातातली पळी थांबली.

सात्किनने बेयशेनला कोपराने ढोसलं. "पक्ष्याचं सांग ना."

"सांगतो की. घाई काय आहे?" बेयशेनने घसा साफ केला. "एक पक्षी असतो. फार लांबच्या थंड समुद्रातला. गुबगुबीत. उडता येत नाही बिचाऱ्याला. पण पाण्यात शिरला की..."

पाणी म्हणताच ओस्मोनला कळलं.

कालबुबूलाही कळलं. तिने डोक्यावरचा पांढरा रुमाल ओढून काढला आणि भिंतीकडे तोंड करून मयताला रडायचा सूर लावला, तिच्या आईने लावला होता तोच. बाहेर लाकडं आपटल्याचा आवाज आला. तीन दाढ्या एका दारात शिरलेल्या गावाने पाहिल्या होत्या. मयताच्या घरी उभारतात तो लोकरीच्या नमद्याचा तंबू शेजारचे लोक ओस्मोनच्या अंगणात उभा करत होते. ओस्मोनची घोडी एकदाच खिंकाळली आणि गप्प झाली.

मांबेतने खिडकीतून तंबूकडे पाहिलं. मग सात्किनकडे. तिघांनी ओंजळी वर धरल्या, मयतासाठीची दुवा पुटपुटले आणि हात दाढ्यांवरून खाली आणले.

ओस्मोनला ते अर्धं उघडं राहिलेलं तोंड दिसत होतं. काय म्हणणार होता पोरगा? एक बटण दाबायचं होतं. बाप म्हणून एक बटण. दाबलं असतं तर एकवीस दिवसांचा आवाज तरी पदरात पडला असता. आता त्या पेटीत हवं ते टाका, नाहीतर तिच्यावर पीठ मळा.

"मांबेत दादा," तो म्हणाला. "पुरे करा. मला समजलं. कबूल आहे."

"कबूल?"

"त्याची मर्जी. मी कोण नाही म्हणणारा?"

"इतक्यात?" बेयशेन म्हणाला. "मला वाटलं, संध्याकाळ होईल."

ओस्मोन कपाळ गुडघ्यांना टेकवून रडू लागला. त्याला असं रडताना पाहून म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या.

मांबेतने सावकाश आपली पांढरी टोपी उतरवली. मग तिच्या अस्तरात दोन बोटं घालून त्याने करंगळीएवढा एक पेनड्राइव्ह काढला आणि ओस्मोनच्या तळहातावर ठेवला.

"तिलेकने माझ्या सुनेच्या फोनवर पाठवलं, तिने शाळेत जाऊन यात भरून आणलं," तो म्हणाला. "तीन रात्री आम्हाला फोनवर पढवत होता बघ. म्हणाला, माझं ऐकत नाहीत, तुम्ही तिघं जा आणि लिनक्सचं, त्याच्या खुणेच्या त्या पेंग्विन पक्ष्यासकट, नीट समजावून सांगा."

मग तो जवळ सरकला, ओस्मोनच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज अगदी खाली आणला.

"पण आधी बोलायचंस ना, बाबा रे. अशा वेळी आम्ही हा विषय काढला असता का? गेलं कोण?"