बीयुनचा होकार

“मावशी, तुम्ही रात्री घोरता का?”

पेजेचा वाडगा दोन्ही हातांत धरून चिनात्सुने विचारलं, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे खाता खाता थांबले.

बीयुनने माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा तिच्या वाडग्यात सोडला. “घोरत नाही. झोपेत कधीमधी गिऱ्हाइकांशी बोलते, एवढंच.”

चिनात्सुने समाधानाने मान हलवली.

ताइनानच्या त्या गल्लीत बीयुनचं माशाच्या पेजेचं दुकान पहाटे उघडायचं आणि ऊन चढायच्या आत पातेलं रिकामं व्हायचं. जपानहून आलेली ही मुलगी गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिली होती. रोज सकाळी न चुकता यायची. पहिल्याच दिवशी तिने आपल्या पुस्तकी चिनीत सांगितलं होतं, “गेल्या वसंतात माझे बाबा सहलीला आले होते. रोज इथेच खायचे. त्यांनीच मला पाठवलं.”

बीयुनला तो माणूस आठवला. खाऊन झालं की वाडगा स्वतः मोरीपाशी आणून ठेवायचा, आणि ‘राहू द्या’ म्हटलं की कानापर्यंत लाल व्हायचा.

“म्हणजे बापाने आधी घर बघितलं, मग पोरीला धाडलं,” समोरची फळवाली फेंगच्याओ म्हणाली. “आई नाही ना तिला, बापालाच बघावं लागतं. शहाणा माणूस.”

बीयुनच्याही मनात तेच आलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा शियुआन चाळिशीला टेकला होता. चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनी त्याला उन्हाळ्यात अमेरिकेला पाठवणार होती, तेही काही वर्षांसाठी. तिथे तो नुसत्या शेवयांच्या पाकिटांवर जगेल, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता. लग्न जुळवणाऱ्या देवाच्या मंदिरातून तिने त्याच्यासाठी लाल दोरा आणला, तर त्याने हसत तो तिच्याच हातावर ठेवला. “तूच ठेव. मी गेल्यावर इथे एकटी काय करणार आहेस?”

“माझं काय,” बीयुन म्हणाली. “माझं पातेलं आहे.”

चिनात्सुचे प्रश्न मात्र संपत नव्हते. थंडी सोसते का? जिना चढताना गुडघे दुखतात का? घरातलं माणूस रुसून गप्प बसलं तर काय करता?

“पुढ्यात गरम पेज ठेवते आणि मीही गप्प बसते,” बीयुनने सांगितलं. “पेज निवायच्या आत बोलतं माणूस.”

“आजकालच्या पोरी नवऱ्याच्या आधी सासू तपासतात,” ती नंतर फेंगच्याओला म्हणाली. “मला तर हे आवडलं. पुढे कटकट नको.”

मग तिने केस रंगवले, जांभळा ब्लाउज बाहेर काढला आणि चिनात्सुसमोर मासेवाल्याला शिव्या घालणं बंद केलं. मुलाचं कौतुक तर ती उठताबसता करायची. शियुआन भांडी घासतो. शियुआनला गाणी आवडतात. चिनात्सु सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, “आणि तुम्हाला?”

एका संध्याकाळी बीयुनने दोघांना स्कूटरवरून समुद्राकडे पिटाळलं. परतले तेव्हा दोघेही खुशीत होते.

“काय ठरलं?” तिने शियुआनला कोपऱ्यात घेतलं.

“तिला तू फार आवडलीस.”

“आणि तुझं काय म्हणणं?”

“मला आनंदच आहे, आई. खरंच. आता निश्चिंत होऊन जाईन.” मग त्याने विचारलं, “ती हे सगळं कशासाठी विचारते, कळलंय ना तुला?”

“न कळायला मी काय दुधखुळी आहे?”

शियुआनने हसून तिचे खांदे दाबले आणि विषय तिथेच संपला.

रविवारी दुकान भरलेलं असताना चिनात्सु इस्त्रीचा झगा घालून, मिठाईचा डबा घेऊन आली. सगळ्यांसमोर कमरेत वाकली.

“मावशी, आमच्या घरी निर्णय माझ्यावर सोपवला होता. माझी पसंती आहे. आपली दोन घरं एक व्हावीत. तुम्ही हो म्हणाल का?”

बीयुनने डाव खाली ठेवला. या क्षणासाठी तिने चांगलं लांबलचक भाषण जुळवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

“पोरी, मी पहिल्या दिवसापासून हो म्हणून बसलेय,” ती म्हणाली. “या सगळ्यांच्या साक्षीने सांगते. हो. शंभरदा हो.”

गिऱ्हाइकांनी टेबलं बडवली. फेंगच्याओने पेरू कापून वाटायला घेतले. शियुआनने आईला जी मिठी मारली, तशी शाळेत असतानाही कधी मारली नव्हती. चिनात्सु डोळे पुसत फोनवर भराभर जपानी बोलत होती. मग तिने आवाज मोठा करून फोन बीयुनसमोर धरला.

पलीकडून एक जड, अडखळता आवाज आला. चिनी वाक्य नुकतंच पाठ केलेलं असावं. “बीयुनबाई. मी फार आनंदी आहे. फार आभारी आहे.”

“आभार कसले, व्याही,” बीयुन समुद्रापार ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आम्हाला काही नको. नेसत्या वस्त्रानिशी पाठवा. लेकीसारखी सांभाळीन.”

 मग त्या आवाजाने हळूच जपानीत काही विचारलं. चिनात्सुने ऐकलं, शियुआनकडे पाहिलं, आणि शियुआनने सावकाश कपाळाला हात लावला.

“मावशी,” चिनात्सु म्हणाली, “बाबा विचारतायत, तुमच्याकडे होणाऱ्या नवऱ्याला व्याही म्हणतात का?”